बोनस ५०,००० डॉलरवर गेला तरी अमेरिकी हवाई दलातले वैमानिक का निघून जातात?

घिरट्या (मूळ प्रश्न)

अमेरिकी हवाई दलातली वैमानिकांची तूट बरीच वर्षं दोन हजारांच्या आसपास रेंगाळते आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा खड्डा फायटरवाल्यांचा आहे. सेवेत थांबण्यासाठी मिळणाऱ्या बोनसची कमाल मर्यादा १९९९ पासून वर्षाला २५,००० डॉलर होती. २०१७ मध्ये ती ३५,००० झाली, आणि २०२३ पासून काही जणांना ५०,००० पर्यंत देऊ करतात. तूट मात्र जागची हलत नाही.

या विषयावर जे वाचायला मिळतं त्यात एक बाजू म्हणते एअरलाइनचा पगार, दुसरी म्हणते वरिष्ठांवरचा वैताग. 'वरिष्ठ वाईट' एवढ्याने काहीच कळत नाही. राग आहे तर तो नेमका कोणाच्या, कोणत्या निर्णयावर? दुसरं, प्रशिक्षणातून वर्षाला १,५०० वैमानिक बाहेर काढायचं उद्दिष्ट आहे. ते गाठलं तर प्रश्न मिटेल का? आणि तिसरं, ज्याला फक्त उडायचं आहे, बढती नको आहे, त्याला तसं उडू देण्यात अडचण काय?

ज्यांनी आकडे आणि नियम नीट पाहिले आहेत त्यांनी लिहावं. देशभक्ती कमी झाली वगैरे चर्चा दुसऱ्या धाग्यावर चालू आहेच.

---

सीनिऑरिटी_नंबर

पैशाचा हिशोब आधी संपवतो, कारण तो बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून करतात.

विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) मिळाल्या की दहा वर्षं सेवेत राहण्याचं बंधन सुरू होतं. हे बंधन कमिशनच्या, म्हणजे अधिकारी म्हणून रुजू झाल्याच्या, दिवसापासून मोजत नाहीत, प्रशिक्षण पूर्ण झाल्यापासून मोजतात. बाविसाव्या वर्षी कमिशन आणि चोविसाव्या वर्षी विंग्ज धरल्या, तर माणूस चौतिसाव्या वर्षी मोकळा होतो. तेव्हा त्याची सेवा बारा वर्षांची असते आणि वीस वर्षांच्या पेन्शनला आठ वर्षं उरलेली असतात. निर्णय नेमका इथे घ्यायचा असतो.

एअरलाइनमध्ये सगळं सीनिऑरिटी क्रमांकावर चालतं. कोणत्या तळावरून उडायचं, कोणतं विमान, कॅप्टन कधी व्हायचं, सणाला सुट्टी मिळणार का, हे सगळं रुजू झाल्याच्या तारखेवर ठरतं. तुम्ही आधी एफ-१५ उडवत होतात की शेतात औषध फवारत होतात, याने यादीतला क्रमांक बदलत नाही. निवृत्ती सक्तीने ६५ व्या वर्षी. चौतिसाव्या वर्षी गेलात तर ३१ वर्षं मिळतात, बेचाळिसाव्या वर्षी गेलात तर २३.

आता खरी मेख. आठ वर्षं उशीर केला तर जी आठ वर्षं हातची जातात ती सुरुवातीची, कमी पगाराची नव्हेत. सुरुवातीची वर्षं सगळ्यांनाच काढावी लागतात. कापली जातात ती शेवटची आठ, म्हणजे मोठ्या विमानाच्या कॅप्टनची. २०२३ मध्ये डेल्टाने चार वर्षांत मिळून ३४ टक्क्यांची वाढ दिली आणि युनायटेड व अमेरिकन त्याच वाटेने गेल्या. त्यानंतर त्या खुर्चीचा पगार वर्षाला ४,००,००० डॉलरच्या वर गेला आहे. वर्षाला ५०,००० डॉलरचा बोनस आठ वर्षं घेतला तरी एकूण रक्कम तेवढीच, म्हणजे एका वर्षाच्या पगाराइतकी.

दुसऱ्या पारड्यात पेन्शन आहे आणि ती हलकी नाही. जुन्या पद्धतीत वीस वर्षांनंतर मूळ पगाराच्या ५० टक्के, बेचाळिसाव्या वर्षापासून हयातभर, महागाईनुसार वाढत जाणारी. १ जानेवारी २०१८ पासून रुजू झालेल्यांना मिश्र पद्धत लागू आहे. तिच्यात हे प्रमाण ४० टक्के होतं, आणि त्याऐवजी बचत खात्यात सरकार मूळ पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत भर घालतं. ते खातं सोडून जाताना बरोबर नेता येतं. म्हणजे वीस वर्षं थांबायला लावणारी बेडी सरकारने स्वतःच सैल केली. याचा पुरता परिणाम त्या तुकडीचं दहा वर्षांचं बंधन संपेल तेव्हा दिसेल.

तिसरा मार्ग नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्हचा. नोकरी एअरलाइनची, महिन्यातले काही दिवस लष्करी विमान, आणि पेन्शन बहुतेकांना साठीला. सक्रिय सेवा संपता संपता तिकडे वळण्याला 'पॅलेस फ्रंट' म्हणतात, बंधन संपण्याआधी परवानगी काढून वळण्याला 'पॅलेस चेस'. अनुभवी माणूस देशाच्या कामी राहतो, पण सक्रिय दलाच्या तक्त्यात तो गेलेलाच दिसतो.

तारखाही पाहा. डिसेंबर २००७ मध्ये एअरलाइन निवृत्तीचं वय ६० वरून ६५ केलं. त्यामुळे २०१२ च्या अखेरपर्यंत वयामुळे निवृत्त होणारे जवळपास नव्हतेच, त्यात २००८ ची मंदी. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, त्यातून २०१० चा कायदा आला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या सहवैमानिकालाही उड्डाणाचे १,५०० तास लागू झाले. लष्करी वैमानिकाला मात्र ७५० तासांत सवलतीचं लायसन्स मिळतं. दरवाजा इतरांसाठी अरुंद झाला, यांच्यासाठी रुंद. २००८ ते २०१२ या काळात माणसं थांबली ती बाहेर नोकऱ्या नव्हत्या म्हणून. वरच्यांनी ते आपल्या कारभाराचं यश मानलं.

---

चारजणी_फॉर्मेशन

वरचा हिशोब बरोबर आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो: वर्षाला १,५०० वैमानिक काढूनही प्रश्न मिटणार नाही, उलट काही ठिकाणी चिघळेल. यामागे ॲब्सॉर्प्शनचं गणित आहे. नवीन माणूस स्क्वाड्रनमध्ये मुरवण्याची क्षमता, असं समजा.

फायटर स्क्वाड्रनला २४ विमानं. प्रत्येक विमानामागे १.२५ वैमानिक धरले की ३० लाइन वैमानिक (रोजच्या उड्डाणांचे) होतात. वर कमांडर, ऑपरेशन्स बघणारा, आणि विंगच्या (अनेक स्क्वाड्रनच्या वरच्या तुकडीच्या) ऑफिसात बसून अधूनमधून उडणारे वेगळे. या तीसांपैकी निम्म्याहून जास्त 'अनुभवी' हवेत. एफ-१६ सारख्या विमानावर अनुभवी म्हणजे ढोबळमानाने त्या विमानावरचे ५०० तास.

महिन्याला १५ तास उडायला मिळाले तर ५०० तासांना साधारण ३३ महिने लागतात. तीन वर्षांच्या पोस्टिंगमध्ये काम झालं. महिन्याला ८ तास मिळाले तर ६२ महिने. पोस्टिंग संपलं, माणूस अजून कच्चाच, आणि तो तसाच पुढच्या ठिकाणी जातो. विमानं जुनी, सुटे भाग नाहीत, मेकॅनिक कमी, की तास आपोआप आकसतात. २०१३ च्या खर्चकपातीत तर एप्रिलपासून लढाऊ स्क्वाड्रनच्या स्क्वाड्रन जमिनीवर बसवल्या होत्या. त्या काही महिन्यांत न झालेले तास कोणत्याही बोनसने परत येत नाहीत.

कच्चा वैमानिक एकटा उडत नाही. त्याच्यासोबत फ्लाइट लीड (गटाचं नेतृत्व करणारा वैमानिक) किंवा इन्स्ट्रक्टर लागतो. सव्वा तासाच्या उड्डाणाला आधी नियोजन, मग ब्रीफिंग, विमानापर्यंत जाऊन तपासणी, उड्डाण, आणि त्यानंतर दोन-तीन तासांचं डीब्रीफ (उड्डाणाची चिकित्सा). दहा-बारा तासांचा दिवस एका उड्डाणात जातो. त्यानंतर नियमाने बारा तासांची विश्रांती, म्हणजे उशिरा संपलं तर दुसऱ्या दिवशीची सकाळची पाळीही गेली. स्क्वाड्रनमध्ये इन्स्ट्रक्टर आठ असताना हे जमतं. चार राहिले की त्याच चौघांवर सगळ्यांचे अपग्रेड (पुढच्या पात्रतेचं प्रशिक्षण) येतात. त्यांचा स्वतःचा सराव असा राहत नाही, ते कायम दुसऱ्याच्या परीक्षेसाठी शत्रू बनून उडतात. मग त्यातले दोन जातात. इन्स्ट्रक्टर जाण्याचं सर्वांत मोठं कारण आधी गेलेले इन्स्ट्रक्टर हेच आहे.

अशा स्क्वाड्रनमध्ये तुम्ही आणखी सहा नवे पाठवलेत तर काय होईल? तेवढ्याच उड्डाणांचे आणखी सहा वाटेकरी.

स्क्वाड्रनच्या आधी, प्रशिक्षणाच्या टप्प्यातही अडथळे आहेतच. टी-३८ हे १९६१ पासून सेवेत असलेलं प्रशिक्षणाचं जेट. त्याच्या जे-८५ इंजिनांच्या दुरुस्तीचं काम सुट्या भागांअभावी तुंबलं की प्रशिक्षणातली उड्डाणं कमी होतात. त्याची जागा घेणाऱ्या टी-७ चं कंत्राट बोइंगला २०१८ मध्ये दिलं, ते वेळापत्रकाच्या बरंच मागे पडलं. म्हणून १,५०० हा आकडा वर्षानुवर्षं उद्दिष्टच राहिला आहे.

आता तूट मोजतात कशी तेही सांगतो. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ च्या अहवालात फायटर वैमानिकांची तूट २००६ मधल्या १९२ वरून २०१७ मध्ये १,००५ वर, म्हणजे २७ टक्क्यांवर गेल्याचं दाखवलं. पण रिकाम्या जागा सारख्या पसरलेल्या नसतात. कॉकपिटच्या जागा आधी भरतात, मुख्यालयातली टेबलं रिकामी ठेवतात. आखाती युद्धाच्या वेळी १३४ फायटर स्क्वाड्रन होत्या, २०१७ च्या सुमारास ५५ उरल्या. तरी 'इथे फायटर वैमानिकच हवा' असं लिहिलेल्या ऑफिसातल्या जागा त्या प्रमाणात घटल्या नाहीत. त्या अहवालाची मुख्य तक्रार हीच होती की गरज किती हे आधी नव्याने मोजा. हे टेबल खरंच वैमानिकाचं आहे का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त वरच्यांना आहे, आणि विचारला तर स्वतःच्याच ऑफिसातली जागा जाते.

---

घिरट्या

दोघांचेही आभार. म्हणजे बोनस वाढवणं वायाच म्हणायचं? आणि रागाबद्दल अजून कोणी बोललेलं नाही.

---

सीनिऑरिटी_नंबर

वाया नाही. रँड या संशोधन संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासात एफ-२२ चा प्राथमिक पात्रतेचा वैमानिक घडवायचा खर्च सुमारे १.०९ कोटी डॉलर, एफ-१६ चा ५६ लाख आणि मालवाहू सी-१७ चा ११ लाख असा धरला आहे. त्या तुलनेत एकाला थांबवायला दिलेला बोनस स्वस्तच पडतो, हाच त्यांचाही निष्कर्ष. बोनस चुकतो तो वेळेत. सोडून जायचं हे बंधन संपायच्या वर्ष-दीड वर्ष आधी ठरलेलं असतं. लायसन्सची लेखी परीक्षा झालेली असते, एअरलाइनचे अर्ज भरलेले असतात, घरी बोलणी झालेली असतात. त्यानंतर आलेलं बोनसचं पत्र जे तसेही थांबणार होते त्यांच्याच कामाचं. २०२३ ची योजना या बाबतीत शहाणी होती. बंधनाची एक ते तीन वर्षं बाकी असतानाच करार देऊ केला, आणि कायद्याने आवडीच्या ठिकाणच्या पोस्टिंगची हमी देण्याचीही मुभा ठेवली. माझ्या मते त्यातली हमी ५०,००० पेक्षा मोलाची.

---

क्वीप_निर्मूलन_समिती

रागाचं मी सांगतो. नावावरून अंदाज आला असेलच. 'क्वीप' हा त्यांच्या स्क्वाड्रनमधला शब्द: उडण्याशी काडीचा संबंध नसलेलं कागदी काम.

नमुने: मतदार मदत अधिकारी, सुरक्षा मंजुरीची नोंदवही, सरकारी खरेदी कार्डाचा हिशोब, व्यायाम चाचणीचं वेळापत्रक, तैनातीची कागदपत्रं, पदकांचे प्रस्ताव, शिवाय धाकट्या विंगमनकडे (लीडच्या सोबत उडणाऱ्या नव्या वैमानिकाकडे) खाऊच्या कपाटाची जबाबदारी, ज्याला 'स्नॅको' म्हणतात. (शेवटच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. ती परंपरा आहे, आणि कपाट रिकामं राहिलं तर होणारी शिक्षाही.)

यातली बहुतेक कामं पूर्वी स्क्वाड्रनमधले कारकून करायचे. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात मनुष्यबळ कपातीत ते काढून घेतले, कामं तशीच ठेवली. ती ज्याच्याकडे 'वेळ आहे' त्याच्याकडे गेली, आणि कागदावर उड्डाण सव्वा तासाचं असल्याने वैमानिकाकडे वेळ आहे असं दिसतं.

ऑगस्ट २०१६ मध्ये तेव्हाचे प्रमुख जनरल डेव्हिड गोल्डफिन आणि हवाई दल सचिव डेबोरा ली जेम्स यांनी यावर आदेश काढला. नियमावलीत ६१ अतिरिक्त कामं होती, त्यातली २९ कमी करायची किंवा दुसरीकडे वळवायची. हेतू प्रामाणिक होता. मग फरक जेमतेम का पडला? काम आदेशाने कमी केलं तरी तपासणीची प्रश्नावली आदेशाने बदलत नाही. प्रत्येक कामाची स्वतःची प्रश्नावली एका संगणकप्रणालीत असते आणि ती लिहिणारा मुख्यालयात बसलेला त्या विषयाचा मालक असतो. तपासणीला रकाना रिकामा दिसला की शेरा कमांडरच्या नावावर. कोणता कमांडर तो धोका पत्करेल? तो कोणालातरी गुपचूप नेमतो. कामाचं नाव जातं, काम राहतं. क्वीप खरंच घटवायचा असेल तर आधी प्रश्नावलीतली ओळ खोडायची, मग आदेश काढायचा. क्रम उलटा झाला.

आता बढती. १९८० च्या कायद्याने 'वर चढा नाहीतर बाहेर पडा' ही रचना पक्की केली. बढतीसाठी दोनदा डावललं की सेवा धोक्यात. वार्षिक अहवालात नेमकी किंमत एका गोष्टीला असते: '१२ कॅप्टनांमध्ये पहिला' असा क्रमांक, आणि पुढच्या कोर्ससाठी शिफारस करणारी शेवटची ओळ. उत्तम इन्स्ट्रक्टर असल्याने तो क्रमांक मिळेलच असं नाही, कारण क्रमांक देणारा विंग कमांडर तुम्हाला हवेत क्वचितच पाहतो. त्याला दिसतं ते तुम्ही आखलेलं समारंभाचं नियोजन. ही गोष्ट पंचविशीतल्या पोराला पहिल्या वर्षात कळते.

शिवाय जनरल व्हायचं तर १९८६ च्या कायद्यानुसार तिन्ही दलांच्या संयुक्त कार्यालयातलं पद भूषवलेलं लागतं, निवासी कोर्स लागतो, स्क्वाड्रनची कमान लागते, विंगची लागते. हे सगळं ठरावीक वर्षांत बसवायचं म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन वर्षं. विंगमनचा इन्स्ट्रक्टर होण्यात त्याहून जास्त काळ जातो. म्हणजे आजच्या कमांडरने आज तास वाढवले तर त्याचं फळ त्याच्या नंतरचा नंतरचा पाहणार. त्याच्या अहवालात जाते ती दोन वर्षांत दाखवता येणारी गोष्ट. तो वाईट माणूस असतो असं नाही. चाळणीच तशी आहे.

मोकळेपणाने सांगायचं तर या भागात दुरुस्त्याही झाल्या. वेळेआधी बढती देणं २०२० च्या मंडळांपासून बंद केलं. त्याच वर्षापासून अधिकाऱ्यांचे सहा गट पाडले, म्हणजे वैमानिकाची स्पर्धा वित्त विभागातल्याशी राहिली नाही. अहवालातल्या आखूड, सांकेतिक ओळी जाऊन सरळ वाक्यं आली. चांगलं झालं. पण २०१७ ला जो कॅप्टन सोडून गेला तो काही परत येत नाही.

---

तिसरा_मजला

वरच्या सगळ्याशी सहमत, तरी एक बाजू राहिली असं वाटतं. कामाचा बोजा माणूस सहन करतो. शब्द फिरवलेला सहन करत नाही. या गोष्टी स्क्वाड्रनच्या बारमध्ये वर्षानुवर्षं जशाच्या तशा सांगितल्या जातात:

नोव्हेंबर २०११. बढतीसाठी दोनदा डावललेल्या १५७ मेजरना पेन्शनपर्यंत सेवेत ठेवायला नकार. त्याआधी पेन्शनला सहा वर्षं उरलेल्यांना ठेवून घ्यायची प्रथा होती आणि लोक त्या भरवशावर होते. यातले वैमानिक किती हा मुद्दाच नाही. पाहणाऱ्या प्रत्येक कॅप्टनला कळलं की वीस वर्षांचा करार एकतर्फी आहे.

एफ-२२ चा प्राणवायू. २०१० मध्ये अलास्कात विमान पडून वैमानिक गेला आणि चौकशीने ठपका त्याच्यावर ठेवला. २०११ मध्ये सगळी एफ-२२ काही महिने जमिनीवर होती, मग कारण न सापडताच पुन्हा उडवली. मे २०१२ मध्ये व्हर्जिनिया गार्डचे दोन वैमानिक टीव्हीवर जाऊन म्हणाले की आम्ही हे विमान उडवणार नाही. त्यानंतर जुलैत जाहीर झालं की झडपेतल्या दोषामुळे छातीवरचं दाबाचं जाकीट चुकीच्या वेळी फुगतं आणि श्वास कोंडतं. हवेच्या नळीत बसवलेला कोळशाचा फिल्टरही श्वासाला अडथळा करत होता, तो काढला. २०१३ मध्ये संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनीही म्हटलं की अलास्का अपघातात काढलेले निष्कर्ष पुराव्याने सिद्ध होत नाहीत.

नौदलातही तेच घडलं. २०१७ च्या वसंतात टी-४५ या प्रशिक्षण विमानावर शंभरावर इन्स्ट्रक्टरांनी उडायला नकार दिला तेव्हा कुठे उड्डाणं थांबवली. पुन्हा सुरू करताना उंचीवर मर्यादा घातली आणि पुढे प्राणवायूवर लक्ष ठेवणारं यंत्र बसवलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत हवाई दलाची टी-६ ही प्रशिक्षण विमानं महिनाभर बसली, तेही प्राणवायूच्याच कारणाने. तक्रार खालून वर जायला किती वेळ लागला ते प्रत्येक वेळी सगळ्यांनी मोजलं.

आणि जुलै २०२३. नव्या, मोठ्या बोनसची जाहिरात चालू असताना मनुष्यबळाच्या खात्यातले पैसे संपत आले म्हणून बदल्या आणि बोनस अचानक थांबवले. संसदेने निधी वळवू दिला आणि काही दिवसांत पुन्हा सुरू झाले. पण घर विकून, सामान बांधून बसलेल्याला 'काही दिवस' हा शब्द ऐकवून पाहा.

यात कोणाचा वैयक्तिक दुष्टपणा शोधू नका. २०१३ ची कपात संसदेची, निधीचा ताळा अर्थसंकल्पाचा. वरिष्ठांवरचा राग मुख्यतः याचा असतो की ते खाली येऊन हे असं सरळ सांगत नाहीत. 'तास मिळणार नाहीत, कारण सुटे भाग नाहीत, किमान दोन वर्षं नाहीत' हे वाक्य कोणी म्हणालं तर त्यावर घरचं नियोजन करता येतं. 'कमी साधनांत जास्त करू' यावर नाही.

---

घिरट्या

तिसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. आणि कोणीतरी 'सात दिवसांचा पर्याय' म्हणतात तो काय प्रकार? दुसऱ्या धाग्यावर त्याचा उल्लेख होता.

---

क्वीप_निर्मूलन_समिती

सात दिवसांचा पर्याय आधी. बंधनं अनेक असतात: प्रशिक्षणाचं दहा वर्षं, बदलीचं दोन, नव्या विमानाच्या कोर्सचं काही वर्षं, शिक्षणाचा लाभ मुलांच्या नावावर केला तर चार. ही एकापुढे एक जोडत नाहीत, एकाच वेळी चालतात. ज्याची तारीख सर्वांत पुढची ती खरी. समजा तुमचं सगळं संपत आलं आहे आणि बदलीचा आदेश येतो. स्वीकारलात की दोन वर्षं आणखी. अशा वेळी पात्र असाल तर आदेश कळल्यापासून सात दिवसांत 'बदली नको, सेवा सोडतो' असं कळवता येतं. नकोशी पोस्टिंग, त्यातही एकट्याने ३६५ दिवस परदेशातल्या कंट्रोल रूममध्ये बसायची, बहुतेकदा अशाच माणसाच्या वाट्याला येते, कारण बाकीचे कुठे ना कुठे बांधलेले असतात. विचार करत असलेल्या माणसाला आठवड्याची मुदत देऊन निर्णय घ्यायला लावायचा याहून वाईट मार्ग सापडणं कठीण.

फक्त उडण्याचा मार्ग: ब्रिटिश हवाई दलात निवडक वैमानिकांना वेगळ्या वेतनश्रेणीवर उडतं ठेवण्याची सोय बरीच जुनी आहे. अमेरिकी भूदलाची हेलिकॉप्टरं बहुतांशी वॉरंट अधिकारी उडवतात, त्यांचं करिअरच कॉकपिटमध्ये जातं. (तरी भूदलानेही २०२० पासून बंधन दहा वर्षांवर नेलं, म्हणजे तो रामबाण नाही.) हवाई दलाने वॉरंट पद १९५० च्या दशकाअखेर बंद केलं. २०२४ मध्ये परत आणलं, पण फक्त माहिती तंत्रज्ञान आणि सायबरसाठी, वैमानिकांसाठी नाही. मालवाहू विमानांच्या कमांडने २०१८ मध्ये थोड्या वैमानिकांवर उडण्यापुरत्या मार्गाची चाचणी घेतली, त्याचा सर्वसाधारण नियम झाला नाही.

अडचण कायद्यापेक्षा वाटपाची आहे. मुख्यालयातल्या जागा तेवढ्याच ठेवल्या आणि शंभर जणांना 'तुम्ही फक्त उडा' म्हटलं, तर त्यांच्या वाट्याची टेबलं उरलेल्यांच्या डोक्यावर येतात. ते आधी सोडून जातात. चारजणी यांनी वर म्हटलं तसं, आधी टेबलं कमी करा. त्याशिवाय हा मार्ग उघडला तर एक गळती बंद करून दुसरी सुरू.

---

धावपट्टी_ओली

सगळं वाचलं. पण २०२४ मध्ये एअरलाइनची भरती मंदावली, युनायटेडने मध्यंतरी ती थांबवली होती, आणि लोक थांबायला लागले असं ऐकतो. म्हणजे शेवटी बाजारच ना? राग-बिग हे जाणाऱ्याने सांगायचं कारण.

---

तिसरा_मजला

बाजार दार उघडतो, एवढं मान्य. पण दार उघडल्यावर कोण बाहेर जातो हे बाजार ठरवत नाही. २०२० मध्येही कोविडमुळे लोक थांबले होते. तेव्हाही वर समाधान पसरलं, आणि एअरलाइनने लवकर निवृत्ती देऊन जी माणसं घरी पाठवली त्यांची जागा भरायला दोन वर्षांत पुन्हा रांग लागली. मंदीत थांबलेला माणूस राजी झालेला नसतो, फक्त अडकलेला असतो. त्या दोन-तीन वर्षांत तास वाढवले, प्रश्नावल्या छाटल्या, तरच पुढच्या भरतीच्या लाटेत फरक दिसेल.

---

सीनिऑरिटी_नंबर

आणि आकडे वाचताना एक सावधगिरी. बातमीत येतं ते 'पात्र वैमानिकांपैकी इतक्या टक्क्यांनी बोनस घेतला'. त्यात छेदस्थानी फक्त त्या वर्षी ज्यांचं पहिलं बंधन संपतं तेच असतात. आधीच गार्डकडे वळलेले त्यात नाहीत. सही न करता वर्ष-दोन वर्षं रेंगाळणारे 'नाही' मध्ये मोजले जातात, पण ते अजून उडत असतात. शिवाय करार तीन वर्षांचा की बारा वर्षांचा हे टक्केवारीत दिसत नाही. लांब करारांचं प्रमाण वेगळं मिळालं तर ते बघा, आणि फायटर, मालवाहू, बॉम्बर असे गट सुटे करून बघा. मालवाहूवाल्यांचे तास भरपूर असतात आणि एअरलाइनला तेच आधी हवे असतात, तरी स्क्वाड्रनमधला अनुभवाचा खड्डा फायटरकडे जास्त खोल. एकत्र सरासरीत हे दोन्ही बुडून जातं.